इस्रायलचा फॉर्म भरू का, दादा?

(जळगावच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. शेवटचा भाग धुळ्याच्या चर्चेनंतर जोडला.)



फळ्यावर विषय लिहिलाय : 'अमेरिकेचं परराष्ट्र धोरण, इस्रायल आणि मुस्लिम जग'. तो वाचून मागच्या सतरंजीवरचा एक भाऊ हळूच म्हणाला, "आपले काय करनं शे?" मी ऐकलं. बरोबर विचारलं त्यानं. गावात पाण्याच्या टाकीवरून मार खाणाऱ्या माणसानं वॉशिंग्टनची उठाठेव का करायची? ह्याचं उत्तर मला देता आलं नाही तर मी मुकाट्यानं खाली बसेन.

उत्तर पुस्तकातून देत नाही. २०२४ च्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या वस्तीतलं एक पोरगं रात्री माझ्या दारात आलं. सेंटरिंगचं काम करतं. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाही तर डबा घेऊन परत घरी. त्याच्या मोबाईलवर एक फॉर्म होता. इस्रायलला बांधकामाची माणसं पाहिजेत. सेंटरिंग, लोखंड बांधणी, प्लास्टर, टाइल. भरती सरकारमार्फत, परीक्षा पुण्याला औंधच्या आयटीआयमध्ये, पगार महिन्याला लाखाच्या वर. पोरगं म्हणालं, "दादा, भरू का?"

लाखाच्या वर! त्याच्या बापानं जन्मात एक लाख एकरकमी बघितले नाहीत. मी म्हणालो, उद्या सांगतो. आणि रात्रभर मला झोप नाही. कारण त्या फॉर्मवर न लिहिलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. ही जागा रिकामी कशी झाली? २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत वेस्ट बँकमधले सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी मजूर इस्रायलात कामाला होते. पहाटे अंधारात उठायचं, तपासणी नाक्यावर रांगेत उभं राहायचं, बंदूकवाल्यानं सोडलं तर कामावर. युद्ध सुरू झालं आणि त्यांचे परवाने बंद केले. इमारती अर्ध्यावर राहिल्या. मग दुसरे हात शोधले. लांबचे, भाषा न येणारे, गरजू. ते हरयाणात सापडले, उत्तर प्रदेशात सापडले, आणि पार आमच्या वस्तीपर्यंत शोध आला.

तर भाऊ, आपलं करणं हे आहे.

आणि हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. अमेरिकेचं धोरण आपल्याकडे आधी पोटातून आलं. १९६५-६६ सालचा दुष्काळ. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. भारत सरकार व्हिएतनामच्या युद्धाबद्दल टीका करत होतं, म्हणून जॉन्सनसाहेबानं गव्हाची जहाजं हातात दोरी धरून सोडली. महिन्याचं महिन्याला. बोललात की दोरी आखडली. तुमच्या आज्यांना विचारा, लाल मिलोची भाकरी कशी लागायची. त्यांना व्हिएतनाम ठाऊक नव्हतं. पण व्हिएतनामवर पडणाऱ्या बॉम्बचा आणि त्यांच्या तव्याचा संबंध होता. तो संबंध त्यांना कुणी सांगितला नाही. आपण शिकलो ते असल्या गोष्टी सांगण्यासाठी.

दुसरी गोष्ट इथून जवळची. धुळ्याहून आग्रा रोडनं नाशिककडं निघालं की तासाभरात मालेगाव. यंत्रमागाचं गाव. २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिका अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकत होती. २६ ऑक्टोबर, शुक्रवार. नमाजानंतर मशिदीबाहेर काही तरुण उर्दू पत्रकं वाटत होते. पत्रकात काय होतं? अमेरिकन मालावर बहिष्कार घाला. बस्स. बहिष्कार हे ह्या देशात गांधींनी केलं तर देशभक्ती. मालेगावच्या मोमीन पोरानं केलं तर? पोलिसांनी पत्रकं धरली, त्यावरून बाचाबाची, दगड, मग गोळीबार, मग दंगल, कर्फ्यू. दहाच्या वर माणसं मेली, त्यातली बहुतेक पोलिसांच्या गोळीनं. बॉम्ब काबूलवर पडत होते, गोळ्या मालेगावात सुटल्या. वॉशिंग्टनला कुणाला ह्याचा पत्ता तरी असेल का? पत्ता लागायची गरजही नव्हती. 'दहशतवादविरोधी युद्ध' हा शब्द त्यांनी तयार करून दिला होता. इथल्या प्रस्थापितांना तो आयता मिळाला. मालेगावातच २००६ साली स्फोट झाले, मुसलमानच मेले, मुसलमान तरुणच पकडले, आणि कोर्टानं त्यांना आरोपातून मोकळं करायला २०१६ साल उजाडलं. त्या दहा वर्षांचा हिशेब कोण देणार?

हाच शब्द पुढे आपल्याकडं वळला. भीमा कोरेगावच्या खटल्यात कोण आत गेलं ते तुम्हाला पाठ आहे. त्यातल्या आनंद तेलतुंबडे यांच्यासह कित्येकांना २०१९ साली कळवण्यात आलं, की तुमच्या फोनवर पेगासस नावाच्या पाळतयंत्राची नजर होती. पेगासस बनवणारी कंपनी इस्रायलची. आता सांगा, लांबचं काय आणि जवळचं काय?

आता आपल्यातल्या भांडणाकडं येतो. गेल्या दोन रविवारी ह्याच खोलीत दोन तट पडले. एक तट म्हणतो, हे मुसलमानांचं प्रकरण आहे, त्यांचं ते बघतील, आपल्यावर अत्याचार होतो तेव्हा ते येतात का? दुसरा तट म्हणतो, अमेरिका इस्लामची दुश्मन, आपण अमेरिकेचे दुश्मन, म्हणून इस्लामच्या नावानं जो उभा राहील तो आपला. मला दोन्ही तट मान्य नाहीत. दोघांनीही धर्माच्या पाट्या वाचल्या, खालचा माणूस बघितला नाही.

अमेरिका मुसलमानांची दुश्मन आहे? मग १९४५ साली रूझवेल्ट युद्धनौकेवर सौदीच्या राजाला भेटला तो कशाला? तेव्हापासून त्या राजघराण्याशी दोस्ती आहे. १९५३ साली इराणमध्ये मोसादेकचं निवडून आलेलं सरकार पाडलं आणि शहाला बसवलं. शहाही मुसलमानच. मोसादेकचा गुन्हा एवढाच, की इराणचं तेल इराणचं म्हणाला. अफगाणिस्तानात १९८० च्या दशकात मुजाहिदांना पैसा आणि हत्यारं दिली, ती पाकिस्तानच्या हातानं. इजिप्तच्या लष्कराला आजही वर्षाला १.३ अब्ज डॉलर मिळतात. म्हणजे ज्या मुसलमान राजानं, ज्या जनरलनं ताटाखालचं मांजर व्हायचं कबूल केलं तो मित्र. आणि ज्या गरीब मुसलमानाच्या डोक्यावर छत नाही, तो दहशतवादी. हे धर्माचं भांडण नाही, दोस्तांनो. ही पाटीलकी आहे.

पाटीलकी म्हणजे काय हे खेड्यातून आलेल्याला सांगावं लागत नाही. पंधरा माणसांची बैठक बसते. चौदा म्हणतात, पाणी सोडा. एक म्हणतो, नाही. पाणी सुटत नाही. युनोची सुरक्षा परिषद म्हणजे हेच. गाझात युद्ध थांबवा म्हणून ठराव आला. ८ डिसेंबर २०२३ ला तेरा बाजूनं, ब्रिटन गप्प, अमेरिकेचा व्हेटो. २० नोव्हेंबर २०२४ ला चौदा विरुद्ध एक. ४ जून २०२५ ला चौदा विरुद्ध एक. १८ सप्टेंबर २०२५ ला पुन्हा चौदा विरुद्ध एक. १९७२ पासून इस्रायलसाठी अमेरिकेनं ४५ च्या वर वेळा हा हात वर केलाय. आणि २०१६ च्या करारानं दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत ठरवून दिली. एका हातानं बॉम्ब द्यायचे, दुसऱ्या हातानं ठराव पाडायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी जाहीर झाली तोवर गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत ६७,००० च्या वर माणसं मेली होती. त्यात पोरं किती, हे मी इथं उभं राहून सांगू शकत नाही. घसा धरतो.

कुणी म्हणेल, इस्रायल कुणाचं ऐकत नाही, अमेरिका तरी काय करणार? खोटं आहे. १९५६ साली इस्रायल सिनाईत घुसलं. आयझेनहॉवरनं दम भरला, आणि १९५७ च्या मार्चमध्ये इस्रायलला माघारी यावं लागलं. थोरल्या बुशनं १९९१ साली वसाहतींच्या मुद्द्यावर दहा अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी रोखून धरली. म्हणजे पाटलाला थांबवता येतं. थांबवायचं नसतं, एवढंच.

पण एक गोष्ट इथंच ठणकावून सांगतो. मागच्या वेळी आपल्यातल्या एकानं ज्यू जातीला शिवी दिली. ती मी ऐकून घेणार नाही. युरोपनं ज्यूंना शेकडो वर्षं वेगळ्या वस्त्यांत कोंडलं. गावकुसाबाहेर राहणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं त्यांना ठाऊक होतं. हिटलरनं साठ लाख मारले. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास धरून नेली. त्यात म्हातारी होती, पोरं होती. त्याला क्रांती म्हणणाऱ्यानं आमच्या खोलीत बसू नये. अन्याय झालेल्याच्या हातून घडलं म्हणून पोर मारणं न्याय होत नाही. आणि त्याचा सूड म्हणून सबंध गाझा उपाशी मारणं हाही न्याय होत नाही.

आणि ज्यू सगळे एक आहेत हे तरी कुठं खरं आहे? आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचीच गोष्ट घ्या. कोकणातले बेने इस्रायल. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आपल्या मातीत राहून त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे भेद पडले. जात कुणाला सोडते! हे लोक १९४८ नंतर आपल्या देवाच्या देशात गेले. तिथं काय मिळालं? १९५१-५२ साली त्यातल्या काहींनी तेल अविवमध्ये धरणं धरलं, की आम्हाला भारतात परत पाठवा, इथं आमच्या रंगावरून वागवतात. काही कुटुंबं खरोखर परत आली. पुढं तिथल्या धर्मगुरूंनी काढलं, की ह्यांच्याशी लग्न लावायचं तर आधी ह्यांच्या आज्या-पणज्यांची शुद्धता तपासा. शुद्धता! ऐकल्यासारखा वाटतो ना शब्द? मराठी ज्यू रस्त्यावर आले, आंदोलन झालं, १९६४ साली तिथल्या संसदेला बोलावं लागलं, तेव्हा कुठं ते मिटलं.

आता ऐका. १९७१ साली जेरुसलेमच्या मुसरारा नावाच्या गरीब वस्तीत काही पोरं एकत्र आली. मोरोक्कोहून, अरब मुलखांतून आलेल्या ज्यूंची पोरं. शाळा सुटलेली, काम नाही, पोलिसांचा मार रोजचा. सत्ता, नोकऱ्या, घरं सगळं युरोपातून आलेल्या गोऱ्या ज्यूंकडं. ह्या पोरांनी स्वतःला नाव काय घेतलं? ब्लॅक पँथर! अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ साली, मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं दलित पँथर. एकमेकांना ओळखत नव्हते. गरज एक होती. त्या पोरांनी १९७२ साली श्रीमंतांच्या दारातल्या दुधाच्या बाटल्या उचलल्या आणि गरिबांच्या दारात ठेवल्या. पंतप्रधान गोल्डा मेयर बाई म्हणाल्या, ही पोरं काही चांगली नाहीत. आपल्याबद्दलही हेच म्हणत होते की!

पण पुढं काय झालं, ते नीट ऐका, कारण माझ्या भाषणाचा गड्डा तिथं आहे. त्यांच्यातला चार्ली बिटन कम्युनिस्टांच्या, अरब-ज्यू आघाडीतून १९७७ साली संसदेत गेला. पण तो एक. त्याच निवडणुकीत ह्या खालच्या ज्यूंची मतं मोठ्या संख्येनं गेली बेगिनच्या उजव्या पक्षाकडं. का? गोऱ्या ज्यूंवर राग होता, आणि त्या रागाला उभं राहायला पायाखाली एक माणूस दिलेला होता. पॅलेस्टिनी. तू खाली आहेस खरा, पण तुझ्याखाली तो आहे. गप्प बस आणि त्याच्यावर नजर ठेव.

बाबासाहेबांनी ह्याला नाव ठेवलंय : श्रेणीबद्ध विषमता. एकावर एक मडकी, उतरंड. प्रत्येकाला वरच्याचा भार लागतो, पण प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतो, म्हणून उतरंड ढासळत नाही. आपल्याला वाटतं ही फक्त हिंदूंची विद्या. नाही. वॉशिंग्टननं पश्चिम आशियात हीच रचलीय. वर डॉलर आणि व्हेटो. त्याखाली इस्रायलचे सत्ताधारी, अरबांचे राजे. त्याखाली काळे ज्यू, गरीब अरब, आखातात पासपोर्ट मालकाकडं ठेवून राबणारे आपले मजूर. सगळ्यात खाली गाझातला निर्वासित. आणि २०२४ साली ह्या उतरंडीत एक नवं मडकं ठेवायचं ठरलं. भारतातला नाक्यावरचा मजूर. आमच्या वस्तीतलं ते पोरगं.

आता बाबासाहेबांचंच नाव घेऊन एक सवाल येतो. आपल्यातले वाचणारे भाऊ विचारतात : बाबासाहेब तर अमेरिकेत शिकले, नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली, लोकशाही देशांशी मैत्री करा म्हणाले. मग तुम्ही कोण अमेरिकेला शिव्या देणारे? सवाल खरा आहे, लपवायचा नाही. १९५१ च्या ऑक्टोबरातलं राजीनाम्याचं निवेदन काढून वाचा. त्यात ते नेहरूंच्या धोरणाला धरतात. पण कशावरून धरतात? ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, मग उपाशी माणसाला घालायला काय उरतं? ही त्यांची फूटपट्टी. परराष्ट्र धोरण उपाश्याच्या ताटातून काय काढून नेतं, एवढंच मोजायचं. फूटपट्टी घ्या आणि आजच्या अमेरिकेला लावा, आजच्या दिल्लीलाही लावा. दिल्लीनं १९४७ साली युनोत पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिलं. १९८८ साली पॅलेस्टाईनच्या राज्याला मान्यता दिली. आणि २७ ऑक्टोबर २०२३ ला, युद्ध थांबवा ह्या साध्या ठरावावर तटस्थ राहिली. इस्रायली हत्यारांचं मोठं गिऱ्हाईक कोण? आपणच. गिऱ्हाईक दुकानदाराविरुद्ध मत कसं देणार?

आणि अमेरिकाही एक नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडं मांडलेल्या कैफियतीची प्रत मागवली होती. ती त्यांची अमेरिका. २०२४ च्या एप्रिलात गाझासाठी विद्यार्थ्यांनी मैदानात तंबू ठोकले ते कुठं? कोलंबिया विद्यापीठात. बाबासाहेबांच्या विद्यापीठात. पोलीस आले, शंभराच्या वर पोरं धरून नेली. त्यांत ज्यू पोरंही होती. ती आपली अमेरिका.

*

हे सगळं पुढच्या रविवारी धुळ्याला बोललो. तिथं मालेगावहून एक वयस्कर विणकर आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "भाई, बात अच्छी है. मगर २०१३ में आप लोग कहाँ थे?" सभा गप्प. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुसलमान तरुण मेले. आपल्यातला एक ताडकन उठला, "आणि खैरलांजीला तुम्ही कुठं होता, चाचा?" विणकर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्ही मागावर होतो. तुम्ही?

मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा खरी सभा झाली. मग चाचा बोलत राहिले. आमच्यातही अश्रफ आहेत, जे आम्हाला जुलाहा म्हणून हिणवतात. मशिदीत एका रांगेत, सोयरिकीत नाही. आमच्यातल्या मेहतराला, हलालखोराला आजही अनुसूचित जातीच्या यादीत जागा नाही, धर्म मुसलमान म्हणून. मी म्हणालो, चाचा, आम्हा बौद्धांनाही केंद्रानं १९९० पर्यंत हेच सांगितलं होतं. बघा, गाझावर बोलायला बसलो आणि आपल्या दोघांची जुनी थकबाकी निघाली. निघू द्या. न निघता नुसतं 'दलित-मुस्लिम भाई भाई' ओरडणारे पुढारी आपण पुष्कळ बघितले.

राहिलं ते पोरगं. दुसऱ्या दिवशी त्याला सगळं सांगितलं. ही जागा कुणाची, कशी रिकामी झाली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, मुंबईच्या गिरणीत आपल्याला विणकामाला घेत नव्हते, धागा तोंडानं ओढावा लागतो, बाटेल म्हणून. बाबासाहेब १९२९ च्या संपाच्या विरोधात गेले होते, असं तुम्हीच शिकवलं. मग मला का अडवता?" मी चाट पडलो. पोरगं ऐकत असतं, आपल्याला वाटतं नुसतं बसलंय. मी म्हणालो, खरं आहे. पण त्या संपवाल्यांनी आपल्याला मागाला हात लावू दिला नव्हता. ह्या पॅलेस्टिनी मजुरानं तुला कुठला माग नाकारला? तो संपावरही नाही. त्याला हाकललंय. आणि १९३८ ला मजुरांचा संपाचा हक्कच काढून घ्यायला निघाले, तेव्हा हेच बाबासाहेब संपात पुढं होते.

तो म्हणाला, "पटतं. पण घरात बहिणीचं लग्न आहे."

मी त्याला नाही म्हणू शकलो नाही. फॉर्म मीच वाचून दिला, इंग्रजी होता. पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आला, निवड झाली नाही. आज पुन्हा नाक्यावर उभा असतो. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. माझं तत्त्व राहिलं, त्याचे लाख गेले. इथं नाक्यावर रोज काम आणि पुरता दाम असता, तर त्यानं मला तो प्रश्न विचारलाच नसता.

म्हणून दोस्तांनो, गाझाच्या बाजूनं ठराव करून घरी जाऊ नका. दोन कामं आहेत. नाक्यावरच्या मजुरांची यादी करा आणि कामाची मागणी घेऊन कलेक्टर कचेरीवर चला. आणि पुढची सभा मालेगावला आहे, चाचांच्या वस्तीत. जाताना एक पत्रक छापून नेऊ, मराठीत आणि उर्दूत. त्यात वॉशिंग्टनही असेल, खैरलांजीही असेल, मच्छीबाजारही असेल. ते वाटताना पोलीस आले तर पळायचं नाही. ह्या वेळी पत्रक धरणारे हात दोन्ही वस्त्यांचे असतील.

जय भीम.